अण्णांच्या सीपॅपसाठी बारा व्होल्टचा डबा : मार्च ते आषाढीच्या नोंदी

२२ मार्च

अण्णांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावून झोपतात. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. उन्हाळा लागला की रात्री लाईट जाते, कधी अर्धा तास, कधी तीन-चार तास. मशीन बंद पडलं की ते दचकून उठतात, मास्क काढतात आणि पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहतात. गेल्या मे महिन्यात अशा नऊ रात्री मी मोजल्या. घरच्या जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली आहे, नव्या ट्युब्युलर बॅटरीला पंधरा-सोळा हजार सांगतात. पण अण्णांना महिन्यातून दोनदा मोहोळजवळच्या गावी जायचं असतं आणि ती बॅटरी काही खांद्यावर घेऊन जाता येत नाही. म्हणून उचलता येईल असं, फक्त डीसी (घरच्या सॉकेटची एसी नव्हे, बॅटरीची वीज) देणारं छोटं पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरीचा डबा, शोधायचं ठरवलं. आमच्यासारखी गरज असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून या नोंदी.

२४ मार्च

खरेदीच्या आधी मोजणी. भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॉटमीटर ८५० रुपयांना आणला.

पहिली रात्र, ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवा ओलसर करणारा भाग) ४ नंबरवर : ७ तासांत ०.२३ युनिट. सरासरी ३३ वॉट.
दुसरी रात्र, ह्युमिडिफायरचा हीटर बंद : ७ तासांत ०.०६ युनिट. सरासरी साडेआठ वॉट.

मशीनच्या अॅडॉप्टरवर ६५ वॉट छापलंय. मी त्यावरूनच हिशेब करायला निघालो होतो. तसा केला असता तर गरजेपेक्षा तिप्पट मोठा डबा घेतला असता. हवा ढकलणाऱ्या मोटरला फारच थोडी वीज लागते, खरा खादाड पाणी तापवणारा हीटर आहे.

मशीन २४ व्होल्टचं. १२ वरून २४ करणारा, मशीनच्याच कंपनीचा कार कन्व्हर्टर मागवला, ५,२०० रुपये. नवी पेठेत ४५० रुपयांचं बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज वाढवणारी छोटी सर्किट) मिळत होतं. पण आमच्या मशीनचा जॅक तीन पिनांचा आहे, मधल्या पिनेवरून मशीन अॅडॉप्टर ओळखतं. अण्णांच्या श्वासावर प्रयोग नको, म्हणून महागडा घेतला. यायला अकरा दिवस लागले.

यूएसबी-सी वापरून पाहता येईल का हेही तपासलं. १०० वॉटच्या पोर्टला व्होल्टेजच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० अशा असतात. २४ त्यात येत नाही. आमच्या कामासाठी १२ व्होल्टचा पोर्टच महत्त्वाचा, यूएसबी-सी असला तर मोबाईलपुरता.

५ एप्रिल

पहिला डबा घेतला. ६,८०० रुपये. वर मोठ्या अक्षरात ‘६०,००० एमएएच’. दुकानदार म्हणाला, “रात्रभर चालतंय, बिनघोर न्या.” मी नेला.

घरी आल्यावर हिशेब केला, जो दुकानातच करायला हवा होता. हे एमएएच (मिलिअॅम्पियर-अवर) ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. ६० अॅम्पियर-अवर गुणिले ३.७ म्हणजे २२२ वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट). डब्यावर वॉट-अवरचा आकडा कुठेच नाही. सेल कोणते, तेही नाही. लिथियम बॅटरीला लागणारी आयएस १६०४६ या भारतीय मानकाची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधला, तोही नाही. तरी वाटलं, २२२ तर २२२, आपल्याला दीडशे-पावणेदोनशे पुरे.

कारण हिशेब असा होता : मशीन हीटरशिवाय, कन्व्हर्टरची घट धरून १० वॉट. बारा व्होल्टचा टेबल फॅन मधल्या वेगावर ११ ते १३ वॉट. दोन्ही मिळून २३. सात तासांना १६१ वॉट-अवर.

६ एप्रिल

रात्री पावणेअकराला अण्णांचं मशीन आणि फॅन डब्यावर लावले. दिवसा आधी एक चाचणी घ्यायला हवी होती, घेतली नाही.

अण्णा चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे कान आहेत. दीडच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, “फॅनचा आवाज उतरलाय. पट्टा सरकायला लागल्यावर माग असाच दमतो.” मी डब्यावर पाहिलं, चारपैकी दोन दिवे चालू होते. “चार्ज आहे अजून, झोपा,” म्हणालो. २:२५ ला मशीन बंद पडलं. दोन दिवे तेव्हाही चालू, फॅन रडतखडत फिरतोय. अण्णा उरलेली रात्र खुर्चीत.

त्यांनी सांगितलं तेव्हाच मी मल्टिमीटर लावला असता तर कळलं असतं.

८ एप्रिल

डबा पूर्ण चार्ज करून नीट चाचणी. सात रस्त्याजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आणि होल्डर घेतला, ६० रुपये. मध्ये डीसी वॉटमीटर, ७०० रुपये. या मीटरवर व्होल्ट, अॅम्पियर आणि एकूण वॉट-अवर एकाच वेळी दिसतात. जे कुणी असा डबा घेणार असतील त्यांनी हे दोन तुकडे आधी घ्यावेत.

सुरुवातीला १२.४ व्होल्ट. तीन तासांनी ११.३. पाच तासांनी १०.६ आणि बल्ब तांबूस. सव्वासात तासांनी ९.२ ला डबा बंद. एकूण १३१ वॉट-अवर. छापलेल्या आकड्यावरून काढलेल्या २२२ पैकी १३१.

पण मला जास्त खुपलं ते दुसरंच. १३१ पैकी फक्त ८४ वॉट-अवर १०.८ व्होल्टच्या वर मिळाले. आमचा कन्व्हर्टर १०.८ च्या आसपास ‘बॅटरी उतरली’ समजून बंद होतो. म्हणजे या डब्याचा ‘१२ व्होल्ट’ पोर्ट थेट सेलना जोडलेला आहे. आत तीन सेल एकामागे एक : भरल्यावर १२.६, रिकामे होताना ९. मधली कुठलीच सर्किट व्होल्टेज धरून ठेवत नाही. बल्ब आणि पंखा हे सोसतात, सीपॅपचा कन्व्हर्टर किंवा वायफायचा राऊटर सोसेलच असं नाही.

आणखी एक : चार्जिंगला लावला की याचा आउटपुट बंद होतो. म्हणजे लाईट असताना मशीन भिंतीवर, गेली की कुणीतरी उठून पिन बदलायची. ते मला नकोच होतं.

डबा परत नेला. बऱ्याच बोलाचालीनंतर ३,५०० मिळाले.

१३ एप्रिल

मावसभावाकडे २३० व्होल्टचं सॉकेट असलेलं ३०० वॉट-अवरचं पॉवर स्टेशन आहे. तो म्हणाला, घेऊन जा, बघ. चांगल्या बनावटीचं, स्क्रीनवर टक्के दाखवणारं. अण्णांचं मशीन स्वतःच्या नेहमीच्या अॅडॉप्टरसह त्यावर लावलं, फॅन नाही, हीटर बंद. सात तासांनी १०० वरून ४६ टक्के. १६२ वॉट-अवर गेले. मशीनला लागतात साठ.

उरलेले शंभर आतल्या इन्व्हर्टरने खाल्ले. बॅटरीच्या डीसीचं एसी करायचं, मग अॅडॉप्टरने त्याचं परत डीसी करायचं, आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायलाच सतत १०-१२ वॉट. मिक्सर किंवा साधा सीलिंग फॅन चालवायचा असेल तर एसी लागणारच. पण रात्रभर आठ-दहा वॉटच्या मशीनला एसी डबा म्हणजे एका माणसासाठी भाडेतत्त्वावर अख्खी एसटी. फक्त डीसी घ्यायचं हे आज पक्कं झालं.

२० एप्रिल

नवा डबा शोधताना दुकानात आणि फोनवर विचारलेले प्रश्न :

१२ व्होल्टचा आउटपुट रेग्युलेटेड (बॅटरी उतरली तरी व्होल्टेज धरून ठेवणारा) आहे का? पाचपैकी तीन ठिकाणी “हो, बाराच व्होल्ट आहे” हे उत्तर मिळालं, जे उत्तरच नव्हे. मी मल्टिमीटर घेऊन गेलो. पूर्ण भरलेल्या डब्याच्या पोर्टवर १२.६ किंवा १३.४ दिसलं तर तो थेट सेलचा. रेग्युलेटेड असेल तर भरलेला असो की अर्धा, १२ च्या आसपासच एक आकडा.

चार्जिंग चालू असताना आउटपुट चालतो का? दुकानात प्लग लावून, बल्ब पेटवून पाहिलं. चार्जर काढल्या-लावल्यावर बल्ब लुकलुकतो का तेही. एका डब्यात बल्ब अर्ध्या सेकंदापुरता विझला. बल्बला फरक पडत नाही, पण मशीन तेवढ्यात रीस्टार्ट होईल.

सेल कोणते? मला लिथियम आयर्न फॉस्फेटच हवे होते. जड असतात, जागा जास्त घेतात. पण उष्णता जास्त सोसतात आणि चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं बरीच जास्त देतात. वृद्ध माणसाच्या पलंगाजवळ, सोलापूरच्या मे महिन्यात ठेवायचा डबा आहे, दोन-तीन किलो वजन वाढलं तरी चालेल.

पोर्ट किती अॅम्पियरचा? ३ अॅम्पियरचे गोल जॅक सगळ्यांना असतात. मला किमान एक १० अॅम्पियरचा हवा होता.

२६ एप्रिल

घेतला. १२.८ व्होल्ट, २० अॅम्पियर-अवर, म्हणजे २५६ वॉट-अवर. चार फॉस्फेट सेल एकामागे एक. ३.४ किलो. १२ व्होल्टचे दोन गोल जॅक, एक गाडीतल्यासारखं सॉकेट, एक यूएसबी-सी. सोलर किंवा चार्जरसाठी १२ ते २८ व्होल्टचा इनपुट. एसी नाही. १३,२०० रुपये, चार्जरसह. नोंदणी क्रमांक आणि वॉट-अवर दोन्ही तळाला छापलेले.

या वेळी अण्णांच्या आधी बल्ब. १२.१ व्होल्ट. तीन तासांनी १२.१. नऊ तासांनीही १२.१. पावणेअकरा तासांनी एकदम अंधार. एकूण २२६ वॉट-अवर. रेग्युलेटरची घट धरली तर हा आकडा प्रामाणिक आहे. आमची गरज १६१.

शेवटपर्यंत १२.१ म्हणजे शेवटचा इशाराही नाही. ते पुढे सांगतो.

३० एप्रिल

वायरमध्ये दोन दिवस गेले. डबा चार्जिंगच्या प्लगजवळ पॅसेजमध्ये, तिथून अण्णांचा पलंग पाच मीटर. घरात पडलेली ०.७५ चौरस मिलिमीटरची दोनपदरी वायर टाकली. मशीन आणि फॅन नीट चालले. मग सहज ह्युमिडिफायरचा हीटर लावून पाहिला, कन्व्हर्टर लगेच बंद.

पलंगापाशी मल्टिमीटर लावला. हीटर तापायला लागला की ५ अॅम्पियर जातात आणि डब्याचे १२.१ व्होल्ट तिथे पोहोचेपर्यंत १०.७ होतात. जाऊन-येऊन दहा मीटर बारीक तांब्यात सव्वा व्होल्ट मुरतो, बाकीचा प्लगमध्ये. २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये सव्वा व्होल्ट कुणाच्या खिजगणतीत नसतो, बारा व्होल्टमध्ये तो दहावा हिस्सा आहे. २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणली, ३६० रुपये. आता त्याच भाराला वायरमधली घट ०.४ च्या आत.

प्लगची गोष्ट वेगळी. गाडीच्या सॉकेटमधला प्लग स्प्रिंगच्या टोकावर टेकलेला असतो. अर्ध्या तासात तो हाताला चटका बसेल इतका तापला. हलवला की फॅन मंदावायचा. चांगल्या कंपनीचा घट्ट बसणारा प्लग २८० रुपयांना घेतला, सॉकेटच्या आतला पत्रा स्वच्छ केला, डब्यापासून वीतभर अंतरावर ७.५ अॅम्पियरचा ब्लेड फ्यूज टाकला. पुढे पलंगाकडच्या टोकाला सोल्डर करून एक्सटी६० कनेक्टर लावले, ते उलटे बसतच नाहीत.

फॅनचा गोल जॅक ५.५ बाय २.५ मिलिमीटर, डब्याचा ५.५ बाय २.१. बाहेरून सारखेच दिसतात, आत जातातही, पण आतली पिन सैल. जॅक विकत घेताना हा २.१ आणि २.५ चा फरक विचारून घ्या. माझे ४० रुपये आणि एक फेरी त्यात गेली.

४ मे

रात्री नऊला डबा चालू करून सगळं जोडून ठेवलं. चार्जर मुद्दाम काढला होता, पूर्ण रात्र बॅटरीवर चालवायची होती. अण्णा साडेदहाला मास्क लावून बटण दाबतात तर मशीन मेलेलं. डबा स्वतःच झोपी गेला होता.

मशीन नुसतं तयार अवस्थेत असतं तेव्हा जेमतेम दोन वॉट घेतं. एवढ्या भाराला डबा ‘काहीच जोडलेलं नाही’ समजतो आणि काही वेळाने पोर्ट बंद करतो. बॅटरी वाचवायला केलेली सोय आहे, पण आमच्या कामाला घातक. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर सापडलं : १२ व्होल्टचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की हे आपोआप बंद होणं थांबतं, बटणाचा दिवा निळ्याचा पांढरा होतो. काही डब्यांत ही सोयच नसते. राऊटर, सीसीटीव्ही कॅमेरा, मत्स्यटाकीचा पंप असा बारीक भार असलेल्यांनी हे दुकानातच विचारावं, नाहीतर कितीही मोठी बॅटरी असून उपयोग नाही.

दिवा पांढरा आहे ना, हे पाहायचं काम आईने स्वतःकडे घेतलं.

११ मे

तापमानाचा धडा. दुपारी चार, बाहेर ४३ अंश. पॅसेजला पश्चिमेची भिंत. डबा चार्जिंगला होता, ६२ टक्क्यांवर लाल दिवा लुकलुकायला लागला आणि चार्जिंग थांबलं. पॅसेजमध्ये थर्मामीटर ठेवला : ४१. डब्याच्या वर मी चार्जर ठेवला होता आणि दोन्हीवर आईने धूळ बसू नये म्हणून ओढणी टाकली होती. आतलं तापमान साहजिकच बरंच वर गेलं असणार. डब्याने स्वतःला वाचवलं ते बरंच झालं. रात्री लाईट गेली असती तर मात्र आम्ही ६२ वर होतो.

डबा तिथून उचलून देवघराच्या खोलीत, जमिनीवर, शहाबादी फरशीवर ठेवला. त्या खोलीला वरून मजला आहे, दुपारीही ३५ च्या वर जात नाही. चार्जर बाजूला, वर काही नाही. वायर दोन मीटर वाढली, म्हणून परत मोजलं, चालतं. दिवसा संपलेला भरायचा असेल तर पहाटे पाच ते आठ. लाल दिवा त्यानंतर लागला नाही.

१४ मे

हीटर बंद ठेवला की अण्णांचा घसा कोरडा पडतो. सोलापूरची मे महिन्यातली हवा, त्यात रात्रभर नाकात झोत. मी त्यांना ‘सवय होईल’ म्हणत होतो, ते बरोबर नव्हतं. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, हीटर बंद असला तरी भांड्यात डिस्टिल्ड पाणी भरून ठेवा, हवा पाण्यावरून जाताना थोडी ओल घेतेच. खोली ३३-३४ अंशांवर असते, त्यामुळे पाणी न तापवताही बऱ्यापैकी उडतं. सकाळी भांड्यातलं पाणी खरंच कमी झालेलं असतं. अण्णा म्हणतात, हीटरइतकं नाही, पण चालतंय. त्या एका बदलामुळे २५६ चा डबा पुरला, नाहीतर याहून बराच मोठा लागला असता.

१८ मे

पहिली खरी रात्र. लाईट १:१० ला गेली, ४:५० ला आली. आता मशीन आणि फॅन कायम डब्यावरच असतात आणि डबा चार्जरवर, त्यामुळे बदलायचं काही नव्हतं. चार्जर १४.६ व्होल्ट ५ अॅम्पियरचा, भार २३ वॉट, दोन्ही एकदम चालतात. मीटरवर ८३ वॉट-अवर.

सकाळी अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, “माहितीय. शेजारचा कूलर थांबला तेव्हा जाग आली. आपलं चालू होतं, परत झोपलो.”

२७ मे

टक्क्यांबद्दल. परवा रात्री स्क्रीन ४१ टक्के दाखवत होती आणि तासाभरात डबा बंद पडला. अण्णा तेव्हा उठलेलेच होते, म्हणून निभावलं. फॉस्फेट सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, ८० टक्क्यांना आणि ३० टक्क्यांना फार फरक नाही. आत-बाहेर गेलेली वीज मोजून टक्के काढावे लागतात, आणि डबा रोज पूर्ण भरलेलाच राहिल्याने ती मोजणी हळूहळू चुकत गेली असावी. एकदा पूर्ण रिकामा करून, मध्ये न थांबवता पूर्ण भरला. आता मीटरशी ताडलं तर चार-पाच टक्क्यांचाच फरक. महिन्यातून एकदा हे करायचं, भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण केली आहे. नुसते चार दिवे असलेला फॉस्फेटचा डबा मी तरी घेणार नाही.

१५ जून

गावासाठी ५० वॉटचा घडीचा सोलर पॅनल, ३,९०० रुपये. उघडा व्होल्टेज (काही न जोडता मिळणारा) २१.६, डब्याची मर्यादा २८, म्हणून एकच जोडायचा. दोन घेतलेच तर समांतर, एकामागे एक जोडले तर ४३ होतील आणि इनपुट जळेल. गच्चीवर स्लॅबवर पसरला तेव्हा ३१ वॉट, विटा लावून कलता आणि खालून हवा खेळती केली तेव्हा ३८. डबा जिन्याच्या सावलीत, उन्हात वायर.

एकूण खर्च : डबा १३,२००, कन्व्हर्टर ५,२००, पॅनल ३,९००, दोन मीटर १,५५०, वायर-प्लग-फ्यूज-कनेक्टर साधारण ९५०, पहिल्या डब्यात बुडालेले ३,३००. अठ्ठावीस हजारांच्या वर गेलं. पहिल्या डब्याची चूक टाळली असती तर पंचवीसच्या आत बसलं असतं आणि तीन आठवडे वाचले असते.

आषाढी एकादशी, पंढरपूर

मशीन आल्यापासून तीन वर्षं अण्णांनी आषाढीला पंढरपुरात मुक्काम केला नव्हता. सकाळी एसटीने जायचे, संध्याकाळी परत. या वेळी ओळखीच्या मठात दोन रात्री राहिलो. हॉलमध्ये शंभरावर माणसं, एक सॉकेट, त्यावर मोबाईलांची रांग. डबा उशाशी, मशीन पायलीच्या डब्यावर, फॅन नाही. पावसाळी हवा होती, गरजच पडली नाही.

पहिली रात्र, सव्वासहा तास : ६४ वॉट-अवर. दिवसा ढगामुळे पॅनलने जेमतेम १९ भरले. दुसरी रात्र, साडेपाच तास : ५७. काकडआरतीला उठलो तेव्हा स्क्रीनवर ५३ टक्के होते.